हरणाऱ्याला काय मिळतं

कार्तिक संपत आला की सरावलीच्या माझ्या शेडमध्ये एक वास मुक्कामाला येतो. पिकलेल्या चिकूचा वास सगळ्यांनाच ठाऊक असतो, हा तो नव्हे. हा कच्च्या चिकूचा. देठातून गळणारा पांढरा चीक, फळ धुताना सालीवरून निघणारा तपकिरी भुसा, करंडीत अंथरलेला भाताचा पेंढा, सगळं मिळून तो होतो. सकाळी शटर वर केलं की आधी तो अंगावर येतो, मग उजेड आत शिरतो. हमाल म्हणून सुरुवात केली तेव्हापासून मी या वासात उभा आहे. आता शेड माझी आहे, वास तोच आहे.

याच दिवसांत टीव्हीवर स्वयंपाकाच्या नव्या स्पर्धेची जाहिरात सुरू होते. आणि जाहिरात लागली की डहाणू रोड स्टेशनबाहेर चहा पिताना कुणी ना कुणी विचारतंच, "शेठ, वहिनी गेल्या होत्या ना त्यात? जिंकणाऱ्याचा चेक दाखवतात, एवढा मोठा पुठ्ठ्याचा. हरणाऱ्याला काय मिळतं हो?"

तीन वर्षं मी या प्रश्नावर चिडत आलोय. एकदा तर रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाच्या हातातला कप काढून मी टपरीवर ठेवला आणि म्हटलं, आधी तू तुझा पगार सांग, मग मी सांगतो. त्याची काही चूक नव्हती. आठवडाभराने मीच त्याला चहा पाजला.

यंदा उत्तर लिहून काढावं म्हणून बसलोय. राग अजून आहे. फक्त तो ज्याच्यावर होता तो माणूस बदललाय.

तो हिवाळा दोन हजार पंधराचा. थंडी त्या वर्षी लवकर आली होती. डहाणू रोडच्या एका हॉलमध्ये टीव्हीवाल्यांनी चाचणी ठेवली होती, आणि माझी बायको वासंती शेजारणींबरोबर नुसती बघायला म्हणून गेली. जाताना डब्यात कोनफळाची भाजी घेऊन गेली. का घेऊन गेली, हे मी तेव्हा विचारलं नाही. संध्याकाळी आली तेव्हा शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "त्यांनी माझं नाव लिहून घेतलंय."

"कशाला?"

"स्पर्धेला."

मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही. "बरं," म्हणालो.

आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. त्या बावीस वर्षांत तिच्या हातचं खाऊन मी जास्तीत जास्त काय बोललो असेन, तर "बरं झालंय." ही शिकवण धंद्याची. बागेत शिरल्यावर जे झाड आवडलं त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलंत की मालकाला कळतं, आणि कळलं की भाव चढतो. मी आवडलेल्या झाडाला पाठ करून उभा राहतो आणि समोरच्या किडक्या झाडाबद्दल तक्रार करतो. माझ्याइतकं हे या पट्ट्यात कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात. त्यात खोटं नाही. पण बाहेरची चप्पल बाहेर काढून माणूस घरात जातो, तशी ही सवय बाहेर काढून ठेवायला मला कुणी शिकवलं नाही.

आठ दिवसांनी टीव्हीवाल्यांचा माणूस आला. निखिल नाव, तिशीच्या आतला, पांढरे बूट. चिकू धुतल्याचं पाणी शेडभर पसरलेलं, त्यातून तो बगळ्यासारखा पाय उचलत आला. बोलायला गोड होता. राहायची सोय आम्ही करू, येण्याजाण्याचा खर्च देऊ, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या प्रत्येक भागामागे मॅडमना मानधन. त्याने आकडा सांगितला. वासंती आत चहा करत होती.

मी खुर्ची पुढे ओढली. "ती किती भाग टिकेल?"

"ते कसं सांगणार सर? स्पर्धा आहे."

"म्हणजे पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलंत तर बाई दोन भागांचे पैसे घेऊन येणार. इकडे माझा हंगाम, घर बंद. हे रोजंदारीचं काम झालं. आम्ही रोजंदारीने काम देतो, घेत नाही."

इथे बाग उक्ती घेण्याची पद्धत आहे. झाडावर नुसता फुलोरा असताना व्यापारी बाग फिरून बघतो आणि पूर्ण हंगामाची एक रक्कम ठरवून मालकाला देऊन टाकतो. नंतर माल कमी लागो की जास्त, वादळात गळो की फांद्या मोडेस्तोवर लगडो, मालकाने बोलायचं नाही. मी याच पद्धतीवर उभा राहिलो. उक्त्यात दोघांपैकी एकजण नेहमी चुकलेला असतो, आणि मी बहुतेक वेळा तो एकजण नसतो.

"उक्तं बोला," मी निखिलला म्हणालो. "बाई साधी आहे, गावची आहे. फार तर दोन आठवडे टिकेल. दोन आठवड्यांचं धरा, वर थोडं टाका, आणि एकरकमी द्या. मग ती एक दिवस राहो नाहीतर शंभर."

तो फोन करायला बाहेर गेला. दोन मिनिटांत परत आला आणि म्हणाला, "डन सर."

दोन मिनिटांत. बागेचा मालक इतक्या लवकर हो म्हणाला तर मी पुन्हा एकदा बाग फिरून येतो, काहीतरी माझ्या नजरेतून सुटलंय म्हणून. त्या दिवशी फिरलो नाही. वासंतीने चहाचा ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि कागदावर सही केली. कागदावर फक्त रक्कम होती. ती कशी ठरली ते कागदावर नव्हतं.

मुंबईच्या स्टुडिओत ती गेली ती चिकूच्या टेम्पोतून. मीच म्हणालो, माल वाशीला जातोच आहे, कशाला वेगळी गाडी. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मध्ये मी, खिडकीशी ती, मांडीवर पिशवी. पिशवीत तिचा जुना दगडी खलबत्ता. मी म्हटलं, तिथे मिक्सर देतील. ती म्हणाली, "मिक्सर देतील. आवाज नाही देणार." मला त्यातलं काही कळलं नाही. नंतर तिने सांगितलं की वाटण झालं की नाही ते ती दगडाच्या आवाजावरून ओळखते. आधी तो करकरतो, मग दबका होतो, मग गप्प बसतो. बावीस वर्षं तो आवाज माझ्या घरात रोज होत होता आणि मी तो ऐकला नव्हता.

ती नसताना घर म्हणजे रिकामी करंडी. मुलगी लग्न होऊन वापीला गेलेली. मी सकाळी भात लावायचो, कधी तो चिकट व्हायचा, कधी कडक. दुपारी शेडमध्ये चिकू निवडणाऱ्या बायका आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी पुढे करायच्या. त्यांची पुढारी लाडकीबाई, साठीची, शेडमध्ये माझ्यापेक्षा तिचा हुकूम जास्त चालतो. तिच्या आग्रहाने मी घरातला छोटा टीव्ही शेडमध्ये आणून ठेवला. आदल्या दिवशीचा भाग दुपारी पुन्हा दाखवायचे, तेव्हा बायका करंड्या सोडून टीव्हीसमोर बसायच्या आणि मी ओरडायचो नाही.

"शेठ, बाई बारीक दिसते," लाडकीबाई एकदा म्हणाली. "तिथं रांधायला देतात, खायला नाय देत काय?"

"स्पर्धा आहे ती. चाखायला परीक्षक असतात."

"चमच्याने? इतकुसं?" तिने बोटाचं पेर दाखवलं. "एवढ्यानं त्यांना कळतं?"

"कळतं."

"आणि तुमाला ताटभर खाऊन नाय कळलं."

सगळ्या बायका पदराआड हसल्या. दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. लाडकीबाईला कोण काढणार?

पहिल्या आठवड्यात दोघी गेल्या, वासंती राहिली. दुसऱ्या आठवड्यात मी तयारच होतो, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं की येताना बाईंना घेऊन यायचं आहे. ती राहिली. तिसरा आठवडा पार पडला तेव्हा मी शेडमध्ये पेढे वाटले. चौथा पार पडला तेव्हा मात्र मी पेढे आणले नाहीत. मला उक्ती बाग देऊन बसलेले मालक आठवले. हंगामात ते कुंपणापाशी येतात. आपल्याच झाडाला लगडलेला माल माझी माणसं उतरवत असतात, आणि ते बोलत काही नाहीत, नुसते बघतात. घोलवडकडचा एक म्हातारा तर रोज यायचा. मला तो बावळट वाटायचा.

पाचव्या आठवड्यात मी निखिलला फोन केला. म्हटलं, आता नवीन बोलायला हवं. तो म्हणाला, "सर, उक्तं ना?" हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी फोन आपटला. तेव्हापासून टपरीवर, बाजारात, बस स्टँडवर, जिथे कान सापडेल तिथे मी सांगत सुटलो की टीव्हीवाल्यांनी माझ्या बायकोला फसवलं. लोक मान डोलवायचे. ऐकणाऱ्यांना मी एवढंच सांगायचो की ठरलेली रक्कम कमी होती. कमी कुणी ठरवली, ते गाळायचो.

सातव्या आठवड्यात विषय होता आपल्या गावचा पदार्थ. वासंतीने उकडहंडी लावायचं ठरवलं. आमच्याकडे थंडीत ती लागतेच. मडक्यात कोनफळ, रताळी, छोटी वांगी, पापडीच्या शेंगा, हिरव्या लसणाचं वाटण, तोंडाला पाला कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती विस्तव. पाण्याचा थेंब नाही. हायवेला पुढे गुजरातच्या हद्दीत हेच उंबाडियू म्हणून विकतात. यात एकच नियम. मडकं मध्ये उघडायचं नाही. वाफ एकदा गेली की गेली. झालं की नाही ते वासावरून ओळखायचं, आणि ओळखता येत नसेल तर दुसरं काहीतरी रांधायचं.

मी त्या दिवशी स्टुडिओत होतो. नातेवाइकांना एका बाजूला खुर्च्या टाकून बसवलं होतं. बाहेरच्या अंगणात तिला कोळशाची शेगडी दिली होती. कोळसा सादळलेला. तिने तीनदा वारा घातला. तिचा चेहरा मला लांबूनही दिसत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला काम करताना सलग दीड तास बघितलं. ती घाई करत नव्हती. मडक्याजवळ वाकायची, वास घ्यायची, मागे सरायची. एखादी बाई पाळण्यात झोपलेल्या मुलाकडे बघते तसं.

घड्याळ संपलं. घंटा वाजली, बाकीच्यांनी हात वर केले. वासंतीचं मडकं उपडंच.

परीक्षकांमधला मोठा म्हणाला, "ताई, वेळ संपली. आहे तसं वाढा."

"अजून झालं नाही."

"ताई, थोडं कच्चं असलं तरी चव कळेल आम्हाला. वाढलंच नाही तर गुण कसे देणार?"

ती उभी राहिली, घाम पुसला. "नका देऊ," म्हणाली. "कच्चं कसं वाढू पाहुण्याला?"

टीव्हीवर हे अर्ध्या मिनिटात संपलं. मागे दुःखी संगीत वाजवलं होतं. प्रत्यक्षात तिथे काही वाजत नव्हतं. नुसता कोळसा तडकलेला ऐकू येत होता.

टीव्हीने पुढचं दाखवलं नाही. दिवे विझले, परीक्षक गाडीत बसून गेले, आणि वासंती शेगडीपाशीच बसून राहिली. वीसेक मिनिटांनी उठली आणि मडकं सरळ केलं. तो वास सुटला आणि जो तो हातातलं काम टाकून आला. दिवे उचलणारी माणसं, वायरी गुंडाळणारे, मेकअपच्या मुली, गेटवरचा वॉचमन. कागदाच्या बशा निघाल्या. बिहारकडचा एक माणूस कोनफळ तोंडात टाकून नुसता उभा राहिला, मग म्हणाला, "ताई, आमच्या गावी रताळं राखेत भाजतात, आईने भाजलेलं असं लागतं," आणि बशी घेऊन एका कोपऱ्यात गेला. मीही खाल्लं. बरं झालंय, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते गिळले आणि बशी पुन्हा पुढे केली.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी आधी बाहेर पडलेल्यांनाही टाळ्या वाजवायला बोलावलं होतं, आणि त्यांच्यातल्या अंबरनाथच्या एक निवृत्त नर्स, वासंतीची खोलीतली मैत्रीण, उकडहंडी खाता खाता सहज म्हणाल्या, "मी चौथ्या आठवड्यालाच गेले हो. पण भागाप्रमाणे होतं म्हणून बरं, गच्चीवर पत्रा घातला." त्यांनी रक्कम सांगितली. ती वासंतीच्या रकमेपेक्षा बरीच जास्त होती.

माझ्या डोक्यात जाळ झाला. निखिल समोरच दिसला. मी त्याचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर जे तोंडाला आलं ते बोललो. चोर म्हणालो. बाईमाणसाच्या कष्टावर जगता म्हणालो. तो पोरगा आधी हसत होता, मग लाल झाला. त्याने दंड सोडवून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मी भागाचंच बोललो होतो. तुम्हीच म्हणालात, मॅडम साध्या आहेत, गावच्या आहेत, फार तर दोन आठवडे टिकतील. मी मॅडमची भाजी खाल्ली होती सर. मला माहीत होतं त्या टिकणार."

वासंती माझ्या मागे उभी होती. हातात बशांचा ढीग.

परतीला टेम्पोत रिकाम्या करंड्या होत्या, त्या प्रत्येक खड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या. मनोर गेलं. ड्रायव्हरने रेडिओ लावला, मी बंद करायला लावला. चारोटीचा नाका आला. मग खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं, "बाग घ्यायची असली की तुम्ही झाडाखाली किती वेळ उभे राहता?"

"तासभर. कधी दोन."

"एकेका झाडाखाली?"

"मोठं असलं तर."

"माझ्या ओट्याजवळ कधी उभे राहिलात?"

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ती रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. तिने पिशवीतून खलबत्ता काढला आणि हादऱ्यांनी पिशवी फाटू नये म्हणून मांडीवर धरून बसली.

तर हरणाऱ्याला काय मिळतं? एक मिक्सर मिळाला. तो शेजारणीने नेला तो नेलाच. प्रायोजकाच्या मसाल्यांचं खोकं मिळालं, ते वासंतीने उघडून वास घेऊन बंद केलं. नाव छापलेला एप्रन मिळाला. नेसलेल्या साड्या पिनांसकट परत द्याव्या लागल्या. मग गावाकडून मिळायला लागलं. तलासरीच्या बस स्टँडवर एका कंडक्टरने बस दोन मिनिटं थांबवून तिला पापडीच्या शेंगांचं विचारलं. शाळेच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, शाल आणि नारळ. तिने तिथे चमच्याने चाखायचं नाकारलं, प्रत्येकीच्या ताटातलं वाटीभर खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडली. टोमणेही मिळाले. भाजी बाजारात एकजण म्हणाला, "ताई, वांगी देतो, पण मडकं उघडाल ना?" मी त्याच्या अंगावर धावलो. ती हसत होती. "अहो, भाव तरी कमी करून घ्या त्याच्याकडून," म्हणाली.

माझ्यावर ती रागावली नाही, हे मला सर्वात जड गेलं. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. फक्त एक बदल झाला. पूर्वी ताट पुढे ठेवल्यावर ती एक क्षण थांबायची. मी पहिला घास घेईपर्यंत. ते थांबणं मला कधी जाणवलंही नव्हतं, ते बंद झालं तेव्हा जाणवलं. आता ताट ठेवलं की ती वळून जायची. तिला माझ्याकडून काही ऐकायचं उरलं नव्हतं.

मी ओट्याजवळ उभा राहायला लागलो. आधी तिला अडचण व्हायची. "काय हवंय?" विचारायची. काही नको म्हटलं की संशयाने बघायची. मग लसूण सोलायला दिला. मग नारळ. वर्षभराने दगडाचा आवाज मला कळायला लागला. कधी करकरतो, कधी गप्प बसतो. एकदा मी म्हणालो, "आता झालं." तिचा हात थांबला. वाटण बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाली, "हो. झालं." चाळीस टन चिकूच्या सौद्यातही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि शब्द. ते सोपं नव्हतं. पहिल्यांदा "छान झालंय" म्हणालो तेव्हा तिने विचारलं, "ताप आहे का?"

यंदाच्या थंडीत जमीन हलायला लागली. डहाणू, तलासरी, सगळीकडे हादरे. भांडी खणखणतात, कुत्री भुंकतात, मग शांत. लोक घराबाहेर निजतात, आश्रमशाळेची मुलं मांडवात शिकतात. आमच्या घरालाही एक बारीक तडा गेला, म्हणून वासंतीने चूल शेडसमोरच्या मोकळ्या जागेत मांडली. शेडमधल्या बायकांची कच्चीबच्ची तिथेच, त्यामुळे मोठी मडकी लागायला लागली. दर दोन दिवसांनी उकडहंडी. मी विस्तव बघतो. मला तेवढं जमतं.

तलासरीला हायवेवर हॉटेल असलेले एक गुजराती शेठ माझ्याकडून चिकू नेतात. पौषात एके दिवशी आले ते माल न बघता विस्तवाकडे गेले. वासंतीने वाढलं. जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी दोनदा घेतलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, शनिवार-रविवार बेनला आमच्या हॉटेलला मोकलो ने, पाठवा. गिऱ्हाईक आखी थंडी हेच मागतो. बोला, काय लेशो, किती घेणार?"

माझं तोंड उघडलं होतं. वासंती म्हणाली, "मी येऊन बोलते."

गेल्या आठवड्यात आम्ही तलासरीला गेलो. हॉटेलच्या मागच्या बाजूला शेठची केबिन. दाराशी ती थांबली. "तुम्ही बाहेर बसा."

"तो मुरलेला आहे. तुला ओढेल."

"ओढू दे."

"अजून रागावली आहेस का?"

तिने जरा विचार केला. "नाही. पण तुम्ही आत असलात तर तो तुमच्याकडे बघून बोलेल." आणि आत गेली.

खिडकीखाली एक बाक होता, तिथे मी बसलो. हायवेवरून ट्रक जात होते. ट्रकचा आवाज ओसरला की आतलं ऐकू यायचं. शेठ महिन्याची एकरकमी बोलत होते, चांगलं गोड बोलत होते, थंडी संपेपर्यंतचं एकदम घ्या, गिऱ्हाईक येवो न येवो तुम्हाला काळजी नाही. माझे शब्द होते ते.

"उक्तं नको," वासंती म्हणाली. "दिवसाचं बोला. आणि मडक्याचं वेगळं. जेवढी मडकी लागतील तेवढी."

"बेन, दिवसाचं किती?"

तिने आकडा सांगितला.

मी मनात एक धरला होता. जास्तच धरला होता, या तीन वर्षांनंतर. तिने सांगितलेला त्याच्या दुपटीच्याही वर होता. मी बाकावरून अर्धा उठलो. सौदा मोडणार, आत जावं, सावरून घ्यावं, असं वाटलं. आणि आत शांतता झाली.

भाव सांगून झाल्यावर जी शांतता येते ती मला ओळखीची आहे. तिच्यात जो आधी बोलतो तो खाली येतो. मोठमोठ्या बागाईतदारांना मी त्या शांततेत बोलताना पाहिलंय, केवळ ती सहन होत नाही म्हणून. बोलू नकोस, मी मनात म्हणालो. काही बोलू नकोस. तुझ्या हातच्या मडक्याची ती किंमत आहे, मी ते खाल्लंय, मला ठाऊक आहे.

ती बोलली नाही. एक ट्रक गेला. दुसरा गेला. मी परत बाकावर बसलो.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ठीक आहे बेन," शेठ म्हणाले. "या शनिवारपासून येणार ने?"